अजगराच्या नावेत बसावे काय?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २८:११-१५, मार्क ३:१-५, १ करिंथ १२:१४-२६



प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटले दोन अध्याय आपण बहुधा तुफानासाठी वाचतो. गलबत फुटते, दोनशे शहात्तर माणसे फळ्यांच्या व तुकड्यांच्या आधाराने मिलिता बेटाच्या किनाऱ्याला लागतात, पौलाच्या हाताला साप डसतो आणि तरी त्याला काही होत नाही. मुलांना हे ऐकताना मौज वाटते, आणि शिकवणाऱ्यांचा तासही बरा जातो. पण त्यानंतर एक लहानसे वाक्य येते, त्यावर कोणी थांबत नाही. तीन महिन्यांनी पौल दुसऱ्या गलबतात बसला. ते अलेक्झांद्रियाचे होते, आणि त्याच्या नाळेवर जुळ्या देवांचे चिन्ह होते, असे लूक सांगतो.

हे जुळे देव म्हणजे ग्रीक लोकांचे कास्टर व पोलक्स, झ्यूस देवाचे पुत्र. खलाशी त्यांना आपले रक्षणकर्ते मानीत, संकटात त्यांचा धावा करीत. म्हणजे ज्या प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला मूर्तिपूजेपासून पळ काढा असे कळकळीने लिहिले, तोच प्रेषित मूर्तीचे चिन्ह असलेल्या गलबतात बसून रोमकडे निघाला. तो कैदी होता, गलबत निवडण्याची मुभा त्याला नव्हती, हे खरे. परंतु लूक तर कैदी नव्हता. तोही बसला, आणि नंतर लिहिताना ते चिन्ह त्याने झाकलेही नाही की त्याबद्दल खेदाचा शब्दही लिहिला नाही. गलबताचे नाव सांगावे तसे सांगितले आणि तो पुढे सुराकूसला गेला.

हा भाग मला नव्याने वाचावा लागला त्याचे कारण सांगतो. आमच्या नात्यातील एक ताई बेळगावात बरीच वर्षे शिक्षिका होत्या. रविवारच्या शाळेतही त्यांनी शिकवले. सेवानिवृत्तीनंतर त्या मुलाकडे कॅनडात व्हँकूवर येथे राहावयास गेल्या. तेथे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठीही काढाव्या लागल्या, पुढील उपचार झाले, आणि देवाच्या कृपेने आज त्या बऱ्या आहेत. त्यांनी फोनवर मला विचारले, "तू शास्त्र शिकलास, तर सांग. इथे आमच्यासारख्या बायकांची एक नाव आहे. ड्रॅगन बोट म्हणतात तिला. मला बोलावताहेत. नावेच्या तोंडाशी अजगराचे डोके असते. मी बसू का?"

आपल्या मराठी बायबलात प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात जो मोठा अजगर आहे तो कोण, हे तेथेच सांगितले आहे : तो जुनाट साप, सैतान. ज्यांनी आयुष्यभर हे वाचले त्यांना अजगराच्या तोंडाच्या नावेत पाय ठेवताना बिचकल्यासारखे वाटणे साहजिक आहे. याला भोळेपणा म्हणून हसू नये. तेव्हा आधी ही नाव काय आहे ते पाहू.

चीन देशात पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी एक सण असतो. त्या दिवशी नद्यांवर लांब नावांच्या शर्यती होतात. सणाची कथा छू राज्यातील चू युआन नावाच्या कवी व मंत्र्याची सांगतात. चहाडखोरांमुळे त्याला राजाने दूर घालवले, आणि इ. स. पू. २७८ मध्ये शत्रूने राजधानी घेतल्याचे कळताच त्याने मिलुओ नदीत देह टाकला. लोकांचे त्याच्यावर प्रेम होते. ते नावा घेऊन धावले, ढोल बडवले, माशांनी त्याचे शरीर खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. तो सापडला नाही. शर्यत म्हणून आज जे खेळले जाते ते या कथेत शोध होता, बुडालेल्या एका माणसासाठी साऱ्या गावाने मारलेली वल्ही. सणाची मुळे या कथेहूनही जुनी असावीत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते असो.

चिनी लोकांचा जो 'लुंग', तो मात्र आपल्या मनातील अजगर नव्हे. तो पाऊस व नद्या यांचा अधिकारी, शुभ प्राणी समजला जातो. इंग्रजांनी त्याला ड्रॅगन म्हटले, आणि ग्रीक प्रकटीकरणातल्या शब्दालाही ड्रॅगन म्हटले, म्हणून घोटाळा झाला. पण घोटाळा आपल्याच पदरी आला असे समजू नका. चिनी बायबलातही प्रकटीकरणाच्या त्या अध्यायात 'लुंग' हाच शब्द आहे. तेथील विश्वासी लोकांपुढे तर हा प्रश्न दर वर्षी दारात उभा असतो.

१९७६ साली हाँगकाँगमध्ये परदेशी संघांना बोलावून शर्यती झाल्या, तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. १९८६ साली व्हँकूवरला जागतिक प्रदर्शन भरले, त्या वेळी हाँगकाँगहून सागवानी नावा तेथे आल्या. आता तेथल्या फॉल्स क्रीक नावाच्या खाडीत सर्व वंशांचे व धर्मांचे लोक हौसेने वल्हवतात. केरळातील सर्पनौका आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांतही हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान एका फळीवर बसतात.

आता शास्त्राकडे येऊ. वाचता वाचता मला दोन ठिकाणे शेजारी ठेवावीशी वाटली. मोशेने रानात पितळी साप उभारला. देवाची आज्ञा होती, आणि सापाकडे पाहणारा वाचला. प्रभूने निकदेमाशी बोलताना स्वतःच्या वधस्तंभासाठी तोच दाखला घेतला. पण शतके उलटली, लोक त्याच पितळी सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. (२ राजे १८:४) साप तोच, पितळ तेच. बदलले काय? माणसाचे गुडघे. ज्या वस्तूकडे पाहून पूर्वज वाचले तिच्यापुढे नातवंडे वाकू लागली, म्हणून ती फोडावी लागली.

पौल करिंथकरांना हेच सांगतो. बाजारात मांस मिळते ते चौकशी करीत न बसता घ्या. पण कोणी म्हणाला की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर त्याच्या विवेकासाठी सोडा. आणि मूर्तीच्या पंगतीत तर बसूच नका. जुळ्या देवांच्या गलबतात प्रवास करणे निराळे आणि नाळेपाशी उभे राहून त्यांना धूप दाखवणे निराळे. पहिले पौलाने केले. दुसरे त्याने केले असते अशी कल्पनाही करवत नाही.

या नावांच्या बाबतीत ही सीमा कोठे येते तेही सांगितले पाहिजे. नवी नाव पाण्यात उतरते किंवा मोसम सुरू होतो, तेव्हा त्या लाकडी डोक्याचे डोळे रंगवण्याचा विधी असतो. डोळे रंगवले की अजगर जागा होतो अशी समजूत आहे. काही ठिकाणी ताओ धर्माचा पुजारी धूप व मंत्रांसह हे करतो, काही ठिकाणी पाहुणे मंडळी शोभेचा कार्यक्रम म्हणून कुंचला फिरवतात. मी ताईंना म्हटले, तुम्ही वल्हे धरा, कुंचला धरू नका. धूप असेल त्या वेळी थोडे लांब उभ्या राहा, आणि कोणी विचारले तर गोड शब्दांत कारण सांगा. माझ्या मते एवढे पुरे आहे. आमच्याच मंडळीतील एका वडिलांना हे पटले नाही. ते म्हणाले, डोके आहे तोवर नावेत बसू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच दोघांसाठी आहे, आणि त्यात दोघांनाही एकमेकांचा न्याय करण्याची मनाई आहे. ते वडील व मी अजून एकाच बाकावर बसतो.

खरे पाहता येथे विषय संपावयास हवा होता. पण ताईंनी पुढे जे सांगितले ते मला अजगराहून मोठे वाटले.

शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या की हात सुजण्याची भीती असते. तो सूज एकदा आली की जन्माची सोबत होते. म्हणून पूर्वी डॉक्टर अशा स्त्रियांना बजावीत : जड उचलू नका, हाताला श्रम देऊ नका, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करू नका. सल्ला प्रेमाचाच होता. १९९६ साली व्हँकूवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी विचारले की ही भीती खरी आहे हे कोणी तपासले आहे काय? त्यांनी मुद्दाम असा खेळ निवडला की ज्यात हात व खांदे यांनाच सर्वांत जास्त, आणि तेच ते, श्रम पडतात. कर्करोगातून उठलेल्या चोवीस स्त्रिया तयार झाल्या. आधी व्यायामशाळेत हळूहळू शरीर तयार केले, मग नावेत बसवले, डॉक्टरांची नजर सतत होती. त्या उन्हाळ्यात त्या शर्यतीत उतरल्या. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. १९९८ साली हे कॅनडाच्या वैद्यकीय मासिकात छापून आले. २००९ साली अमेरिकेत १४१ स्त्रियांच्या अभ्यासातही असेच दिसले की नीट देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजने उचलली तर सूज वाढत नाही. (वाचणाऱ्या भगिनींनी हे आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये, हे निराळे सांगायला नको.) मोसम संपला तरी त्या चोवीस जणींचा संघ मोडला नाही. 'अब्रेस्ट इन अ बोट' हे त्याचे नाव. त्यानंतर किती तरी देशांत असे संघ उभे राहिले आणि २०१० साली त्यांची एक जागतिक संघटनाही झाली.

ताई म्हणाल्या, "मंडळीत सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतात रे. खूप करतात. पण आजारी पडल्यापासून माझ्या हातातून प्रत्येक जण वस्तू काढून घेतो. पिशवी घेतात. भांडे घेतात. रविवारच्या शाळेचा वर्गही घेतला, म्हणाले आता विश्रांती घ्या. या बायकांनी माझ्या हातात पहिल्यांदा काही दिले. वल्हे दिले."

बंधुभगिनींनो, हे वाक्य ऐकून मी मार्काचा तिसरा अध्याय उघडला. सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक मनुष्य होता. तो उजवा हात होता हे लूक सांगतो. सभास्थानातील लोकांना तो माहीत असणारच. त्याला कोठे बसवत असतील? कडेला, जेथे कोणाचा धक्का लागणार नाही. प्रभूने काय केले? त्याला मध्यभागी उभे केले. मग त्याला तीच गोष्ट करायला सांगितली जी त्याला करता येत नाही असे सर्वांना ठाऊक होते : हात पुढे कर. प्रभू त्याच्या हाताला स्पर्श करून नुसते बरे करू शकला असता. दुसऱ्या प्रसंगी त्याने तसे केलेही. येथे मात्र हात पुढे करण्याचे काम त्या माणसालाच दिले.

पेत्राच्या सासूचे पाहा. ताप उतरताच ती उठून सेवा करू लागली. आम्ही तेथे असतो तर म्हणालो असतो, आजीबाई, आज पडून राहा, आम्ही करतो सारे. आणि ते प्रेमानेच म्हटले असते. आमच्या मंडळ्यांत दुखणाईताला भेटायला जाण्याची चांगली रीत आहे, ती कधी सुटू नये. पण स्तनाच्या कर्करोगाचे नावदेखील मोठ्याने घेतले जात नाही. प्रार्थनेच्या विनंतीत "एका भगिनीच्या आजारासाठी" एवढेच येते, आणि ती भगिनी हळूहळू मागच्या बाकावर, मग घरी, मग यादीतल्या एका नावापुरती उरते. तिच्याकडे काम म्हणून कोणी काही मागत नाही. पौल तर लिहितो की शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात ते आवश्यक आहेत. दयेस पात्र आहेत असे लिहून तो थांबू शकला असता. त्याने आवश्यक म्हटले.

नावेत हे डोळ्यांना दिसते, म्हणून ताईंनी सांगितलेली माहिती थोडी विस्ताराने देतो. रविवारच्या शाळेतील शिक्षकांना फळ्यावर चित्र काढून दाखवता येईल. नाव सुमारे साडेबारा मीटर लांब, म्हणजे चाळीस फुटांच्या वर, आणि रुंदी जेमतेम दोन माणसे खांद्याला खांदा लावून बसतील एवढी. दहा फळ्या, प्रत्येकीवर दोघे, असे वीस वल्हेकरी. पुढे ढोल घेऊन एक जण, तो वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसतो. मागे सुकाणू धरून एक जण उभा, आपल्या कोकणात तांडेल म्हणतात तसा. एकंदर बावीस. रिकामी नावच सुमारे अडीचशे किलो. माणसे बसली की दीड टनाच्या वर जाते. पाश्चात्य होड्यांप्रमाणे येथे वल्हे नावेला अडकवलेले नसते आणि माणसे पाठमोरीही नसतात. वल्हे आपल्याच दोन हातांत असते, तोंड पुढे असते. पाचशे मीटरची शर्यत हौशी संघ साधारण अडीच ते तीन मिनिटांत पुरी करतो.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी जोराने वल्हवायला सांगत नाहीत. पुढच्याकडे बघ आणि त्याच्या वल्ह्याबरोबर तुझे वल्हे पाण्यात घाल, एवढेच सांगतात. पहिल्या फळीवरच्या दोघांवर ताल धरण्याची जबाबदारी असते, मागच्या सर्वांनी तो उचलायचा. मजबूत दंडाचा पहिलवान आणून बसवला आणि तो तालाबाहेर गेला, तर त्याचे वल्हे शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आपटते आणि त्याची ताकद नावेला ओढण्याऐवजी अडवते. ताईंसारखी साठी उलटलेली बाई तालात असेल तर ती नावेला त्याच्याहून अधिक उपयोगी. जोड्या वजन पाहून लावतात, नाही तर नाव एका अंगाला कलते. जडशा व्यक्तींना मधल्या फळ्यांवर बसवतात. सगळ्यांत मागे बसणारांच्या वाट्याला पुढच्यांनी ढवळलेले पाणी येते आणि कपडे भिजतात. तेथे अनुभवी माणूस लागतो.

ओढायचे ते दंडाने नाही, असेही ताईंना शिकवले. पाठ व कंबर वळवून पुढे झुकायचे, वल्ह्याचे पाते पूर्ण पाण्यात बुडेपर्यंत ओढायचे नाही. अर्धे बुडलेले पाते फक्त पाणी उडवते आणि वल्हवणाऱ्याला वाटते आपण फार श्रम केले! मी हे आमच्या वडीलमंडळाच्या बैठकीत सांगितले तेव्हा दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसले. कोणाला कोण आठवले ते मी विचारले नाही.

करिंथच्या मंडळीत डोळा हाताला म्हणत होता, मला तुझी गरज नाही. आमच्या मंडळ्यांत इतके उद्धट कोणी बोलत नाही. आम्ही म्हणतो, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही पाहतो. हाताला दोन्ही सारखेच ऐकू येते.

या संघांची एक रीत आहे. शर्यती आटोपल्या की सर्व नावा पाण्यात एकत्र येतात, एकमेकींचे काठ धरून स्थिर होतात आणि ज्या सोबतिणी त्या आजाराने गेल्या त्यांच्यासाठी गुलाबी फुले पाण्यावर सोडतात. ताईंनी विचारले, हे पूर्वजपूजेसारखे नाही ना? मी म्हटले, आपण कबरीवर फुले ठेवतो, पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे कबरस्थानात जातो. ज्याला आशा आहे त्याने फूल सोडताना मनात प्रभूचे आभार मानावेत. आणि शेजारी बसलेलीला आशा नसेल तर, ताई, तेथे तुम्हांला वल्ह्याखेरीज दुसरेही काम आहे. कर्करोग झालेली बाई कर्करोग झालेल्या बाईचे ऐकते. तेथे माझ्यासारख्या धडधाकट उपदेशकाला कोणी जागा देणार नाही.

शेवटी रविवारचा प्रश्न राहतो, कारण तो इतर भगिनींनाही पडेल. सराव पुष्कळदा आठवड्याच्या संध्याकाळी असतो आणि तो निवडता येतो. शर्यती मात्र शनिवार-रविवार धरूनच होतात. ताईंनी संघाच्या प्रमुख बाईंना स्पष्ट सांगितले की उपासनेच्या वेळी मी येणार नाही, माझ्या जागी दुसरी बसवा. त्या बाईंनी एवढेच विचारले की उपासना किती वाजता सुटते. आणि व्हँकूवरच्या मंडळीला ताईंनी आपला रविवारच्या शाळेचा वर्ग परत मागितला आहे. हे लिहीपर्यंत तेथल्या वडीलमंडळाचे उत्तर आलेले नाही.